क्रेडिट कार्ड नाही, तर डोमेनचे पैसे भरायचे कसे? (वाचनालयासाठी मदत हवी आहे)

माणगंगा | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

इथे बरीच वर्षं वाचतेय पण धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात आमच्या गावचं सार्वजनिक वाचनालय आहे, 'क' वर्ग, मी तिथली मानद कार्यवाह. आम्हाला वाचनालयासाठी वेबसाइटचं नाव म्हणजे डोमेन घ्यायचंय. रक्कम फार नाही, मंडळाच्या बैठकीत ठरावसुद्धा झालाय, पण पैसे भरायला बसलं की गाडी अडते. क्रेडिट कार्ड आमच्यापैकी कुणाकडेच नाही. अध्यक्ष निवृत्त शिक्षक, खजिनदारांचं किराणा दुकान, मी स्वतः अंगणवाडी पर्यवेक्षिका होते. वाचनालयाचं खातं सहकारी बँकेत, दोन सह्यांचं, त्यामुळे त्यावर एटीएम कार्ड नाही, युपीआय नाही, फक्त चेकबुक. माझं स्वतःचं त्याच बँकेचं रुपे डेबिट कार्ड आहे ते एका परदेशी साइटवर टाकून बघितलं, तर कार्ड नंबरच चुकीचा आहे असं लाल अक्षरात आलं. तीनदा केलं. मग घाबरून सोडून दिलं.

कुणीतरी म्हणेल गावातल्या एखाद्या मुलाला सांगा, तो त्याच्या कार्डावरून भरेल. तेच तर झालं होतं आधी. २०१७ साली गावातल्याच, पण पुण्यात वेबसाइटचं काम करणाऱ्या एका मुलानं आम्हाला साइट करून दिली. मनापासून करून दिली, त्याच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. डोमेन त्याच्याच नावावर, त्याच्याच कार्डावरून, एका परदेशी कंपनीकडून. आम्ही दरवर्षी त्याला रोख पैसे द्यायचो. २०२२ ला ते डोमेन गेलं. म्हणजे कार्डातून पैसे कापले गेले नाहीत, त्याचा जुना ईमेल बंद होता त्यामुळे एकही सूचना त्याला दिसली नाही, आणि आम्हाला कळलं तेव्हा दुसऱ्याच कुणीतरी ते घेतलेलं. आज तो पत्ता उघडला की सट्ट्याच्या जाहिराती दिसतात हो. आणि तो पत्ता आमच्या शतकमहोत्सवी स्मरणिकेच्या मलपृष्ठावर छापलाय, ८०० प्रती घरोघरी गेल्यात. मुलं ती स्मरणिका बघून मोबाईलवर पत्ता टाकतात. मला रात्री झोप लागत नाही या विचारानं.

तर दोन प्रश्न. एक, क्रेडिट कार्ड नसताना रीतसर पैसे भरायचा मार्ग कोणता, आणि दोन, पावती वाचनालयाच्या नावानं मिळेल का, कारण ऑडिट असतं आणि मला एक रुपयासुद्धा तोंडी हिशोबात ठेवायचा नाही.

जुना_कॅशियर | सोमवार, रात्री १०:१५

ताई, आधी झोपेचं बघा, कारण यात तुमची चूक नाही.

मी ३१ वर्षं बँकेत काढली त्यामुळे त्या बाजूचं सांगतो. तुमच्या कार्डाला काही झालेलं नाही. रुपे हे आपल्या एनपीसीआयचं (युपीआय चालवणारी संस्था) नेटवर्क, आणि सहकारी बँका जी साधी रुपे कार्डं देतात ती देशातल्या व्यवहारांपुरतीच असतात, परदेशी दुकानाच्या यंत्रणेला तो नंबर ओळखूच येत नाही, म्हणून ती 'चुकीचा नंबर' म्हणते. पैसे कापले गेले नसणार, तरी एकदा खातेउतारा बघून घ्या.

दुसरी गोष्ट बऱ्याच लोकांना माहीत नसते म्हणून सगळ्यांसाठीच लिहितो. १ ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नवीन कार्ड हातात येतं तेव्हा ते फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवरच चालू असतं. ऑनलाइन वापर आणि परदेशी वापर हे दोन्ही आपण स्वतः चालू करायचे असतात, बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेत अर्ज देऊन, आणि तिथेच मर्यादा पण ठरवायची. म्हणजे कुणाकडे व्हिसा किंवा मास्टरकार्डचं डेबिट कार्ड असेल आणि परदेशी साइटवर नाकारलं जात असेल तर आधी हे बघा. काम झालं की परदेशी वापर लगेच बंद करा, हे हात जोडून सांगतो, कारण बऱ्याच परदेशी साइटवर ओटीपी मागतच नाहीत, नुसता नंबर आणि मागचे तीन आकडे पुरतात.

आणि तुमचं २०२२ चं दुखणं. तो मुलगा निष्काळजी होता असं मला वाटत नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीचे नियम बदलले. त्यासाठी आधी ई-मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, नोंदवावं लागतं, पैसे कापायच्या निदान २४ तास आधी बँकेनं कळवायचं, आणि तेव्हा ५००० च्या वरच्या रकमेला ओटीपी लागायचा, पुढे जून २०२२ मध्ये ती मर्यादा १५००० केली. नियम ग्राहकाच्या भल्याचाच आहे. पण परदेशी कंपन्यांपैकी कितीतरी जणांनी ती मँडेटची व्यवस्था केलीच नव्हती, त्यामुळे ज्यांची ज्यांची वर्गणी तिकडे 'ऑटो' वर होती ती गपचूप बंद पडली. शाखेत रोज कुणी ना कुणी यायचं विचारायला.

सर्व्हरवाला | सोमवार, रात्री ११:०२

काकांना +१, मँडेटवाल्या भानगडीत आमच्या ऑफिसची पण दोन डोमेन जाता जाता राहिली होती.

मी बंगळुरात याच क्षेत्रात आहे, तर थेट उत्तर. क्रेडिट कार्डाची गरजच नाही. भारतात रुपयात विक्री करणारा रजिस्ट्रार घ्या (डोमेन विकणाऱ्याला रजिस्ट्रार म्हणतात), त्यातले बहुतेक युपीआय, नेटबँकिंग, रुपे डेबिट हे सगळं घेतात. गोडॅडी, हॉस्टिंगर यांच्या भारतातल्या साइटवर युपीआय आहे, बिगरॉकसारख्या इथेच सुरू झालेल्या कंपन्या आहेत. फक्त एक लक्षात ठेवा, साइट उघडल्यावर देश भारत आणि चलन रुपया आहे ना ते वर किंवा तळाला बघा. डॉलर दिसत असेल तर युपीआयचा पर्याय बहुतेक दिसणारच नाही आणि माणसाला वाटतं यांच्याकडे कार्डच लागतं. माझ्या आईचं तंतोतंत हेच झालं होतं.

परदेशी साइटवर दोन-चार डॉलर स्वस्त दिसतं म्हणून लोक तिकडे जातात, पण डेबिट कार्डवर बँक दोन ते साडेतीन टक्के परकीय चलनाचं शुल्क लावते, त्यावर जीएसटी, वर रुपयाचा त्या दिवशीचा भाव. पेपॅल म्हणाल तर भारतातल्या भारतात पैसे देण्याघेण्याची सेवा त्यांनी १ एप्रिल २०२१ पासून बंद केली, परदेशी खरेदीला चालतं पण त्यालाही शेवटी मागे कार्ड जोडावंच लागतं. म्हणजे फिरून तिथेच.

पावतीचं: खातं उघडताना 'ऑर्गनायझेशन' असा रकाना असतो, तिथे वाचनालयाचं नोंदणीपत्रावरचं पूर्ण नाव टाका. बिल त्याच नावानं येतं, १८ टक्के जीएसटी वेगळा दाखवून. जीएसटी नंबर नसला तरी बिल मिळतं.

आता खरा मुद्दा, आणि यासाठीच मी एवढ्या रात्री टाइप करतोय. पैसे कुणाच्या खिशातून गेले याला नंतर काही अर्थ राहत नाही, डोमेन कुणाच्या लॉगिनमध्ये आहे आणि कुठल्या ईमेलवर आहे यालाच अर्थ आहे. तुमच्या त्या मुलानं युपीआयनं भरलं असतं तरी हेच झालं असतं, कारण लॉगिन त्याचं होतं. तेव्हा नवा ईमेल काढा, कार्यवाहांचा वैयक्तिक नको, वाचनालयाचा. कार्यवाह बदलतील, अध्यक्ष बदलतील, ईमेल तोच राहील. त्याला दोन फोन नंबर जोडा, दोन वेगळ्या माणसांचे.

लोकरीचा_गुंडा | मंगळवार, सकाळी ७:२०

सुप्रभात! मी कोल्हापुरात घरी लोकरीचं विणकाम करते, स्वेटर, बाळांच्या टोप्या, तोरणं. मागच्या वर्षी मी स्वतः युपीआयनं डोमेन घेतलं, एकटीनं बसून, म्हणून तुम्हाला सांगावंसं वाटलं की ताई हे होतं, अजिबात अवघड नाही.

लॅपटॉपवर डोमेन निवडलं की शेवटी क्यूआर कोड येतो, तो फोननं स्कॅन करायचा, पिन टाकायचा, झालं. पण माझं पहिल्यांदा काय झालं ते सांगते. त्या क्यूआरला वेळेची मर्यादा असते, खाली सेकंद मोजत असतात, मी ते बघितलंच नाही, फोन आत चार्जिंगला होता तो आणेपर्यंत थोडीच सेकंद उरली, मी घाईनं पिन टाकला, बँकेतून पैसे गेले आणि साइटवर मात्र 'पेमेंट फेल'. अक्षरशः घाम फुटला मला. ८०० च्या वर रुपये म्हणजे माझे दोन दिवसांचे काम आहे.

मग घाबरून गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधला आणि तिथेच फसणार होते. फोनवरचा माणूस इतका गोड बोलला, म्हणे रिफंडसाठी मी लिंक पाठवतो तुम्ही फक्त पिन टाका. तेवढ्यात माझी मुलगी ओरडली, आई पैसे यायला पिन कशाला लागतो! फोन ठेवला. तिसऱ्या दिवशी पैसे आपोआप परत आले. मग दुपारी शांतपणे परत केलं आणि पहिल्या झटक्यात झालं.

तर फोन आधी शेजारी घेऊन बसा, इंटरनेट नीट असेल तेव्हाच करा, आणि फेल आलं तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका, एक दिवस थांबा.

जुना_कॅशियर | मंगळवार, सकाळी ८:०५

तुमच्या मुलीला माझा आशीर्वाद सांगा. पैसे यायला पिन लागत नाही, हे एक वाक्य प्रत्येक घरात भिंतीवर लिहून ठेवावं असं आहे.

आणि पैसे अडकले तर हक्काची गोष्ट: रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे, युपीआयनं दुकानदाराला पैसे दिले, खात्यातून गेले पण त्याला पोचल्याची खात्री झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही मागायला न लागता. व्यवहाराचा यूटीआर नंबर असतो १२ आकडी, तो लिहून ठेवा, तक्रार ॲपमधूनच त्या व्यवहारावर बोट ठेवून करता येते. फोन नंबर शोधायचाच नाही.

ताई, तुमच्या दोन सह्यांच्या खात्याचं. अशा खात्याला युपीआय मिळणार नाही, आणि मिळू नये असंच मी म्हणेन, संस्थेचा पैसा एका माणसाच्या पिनवर असता कामा नये. तुमच्यापुढे दोन वाटा. एक, काही भारतीय रजिस्ट्रार आणि त्यांचे विक्रेते बँक ट्रान्सफर घेतात, ते त्यांचा खाते क्रमांक आणि आयएफएससी देतात, तुम्ही शाखेत जाऊन एनइएफटीचा फॉर्म भरा, दोन सह्यांचा चेक जोडा. पण हे करताना तो विक्रेता खरा आहे याची खात्री हवी, आणि पैसे पोचेपर्यंत ते नाव कुणी दुसऱ्यानं घेतलं तर पंचाईत. दोन, मंडळातल्या कुणी एकानं स्वतःच्या युपीआयनं भरायचं, बिल वाचनालयाच्या नावानं घ्यायचं, आणि त्या बिलावर व्हाउचर करून तेवढ्याच रकमेचा चेक त्या व्यक्तीला द्यायचा. ऑडिटला यात काही अडचण येत नाही, मात्र आधी ठराव हवा आणि ठरावात त्या व्यक्तीचं नाव आणि कमाल रक्कम हवी.

माणगंगा | मंगळवार, सकाळी ९:३०

तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत, डोळे भरून आले. काका, दुसरी वाट पटली. ठराव आहे पण त्यात नाव नाही, शनिवारी बैठक आहे तेव्हा करून घेते.

सर्व्हरवाला दादा, ते जुनं नाव परत मिळवायचा काही मार्ग आहे का? स्मरणिकेवर छापलंय हो ते.

सर्व्हरवाला | मंगळवार, दुपारी १:४५

ताई, खरं ते सांगतो. तुमचं जुनं डॉट कॉम होतं ना, त्याचं असं असतं. मुदत संपली की लगेच जात नाही. साधारण ४५ दिवसांपर्यंत रजिस्ट्रार नेहमीच्या दरात नूतनीकरण करून देऊ शकतो, किती दिवस ते त्याच्या मनावर. मग ३० दिवस 'रिडेम्प्शन', म्हणजे नाव जप्त असतं पण मूळ मालकच दंड भरून सोडवू शकतो, आणि दंड चांगलाच असतो. मग शेवटचे ५ दिवस कुणालाच काही करता येत नाही, आणि त्यानंतर ज्याला आधी मिळेल त्याचं. बऱ्याचदा तर एवढी वाट बघावीच लागत नाही, रजिस्ट्रारच मधल्या काळात लिलाव करतो. जुन्या चांगल्या नावांवर डोळा ठेवून बसणारे लोक असतात, कारण त्या पत्त्याकडे आधीच माणसं येत असतात. तुमच्या स्मरणिकेचे वाचक त्यांना आयते मिळाले, वाईट वाटतं पण असंच आहे.

नियमाप्रमाणे रजिस्ट्रारला मुदतीच्या साधारण महिनाभर आधी, मग आठवडाभर आधी, आणि संपल्यावर ५ दिवसांच्या आत अशा तीन सूचना द्याव्याच लागतात. त्या दिल्याच असणार. बंद पडलेल्या ईमेलवर.

परत मिळवायची रीतसर वाट म्हणजे युडीआरपी, डोमेनच्या नावावरचे वाद पंचांकडून सोडवायची पद्धत, १९९९ पासून आहे, डॉट इन साठी वेगळी आयएनडीआरपी. पण त्यात तुम्हाला दाखवावं लागतं की त्या नावावर तुमचा ट्रेडमार्कसारखा हक्क आहे आणि समोरच्यानं वाईट हेतूनं घेतलंय. असे वाद चालवणाऱ्या वायपो या आंतरराष्ट्रीय संस्थेकडे एका पंचाची फीच १५०० डॉलर. वाचनालयानं यात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तो विकायला तयार असेल तरी त्याच्याशी बोलू नका, तुम्हाला हवंय हे कळलं की भाव वाढतो. स्मरणिकेवर लावायला नव्या पत्त्याचे छोटे स्टिकर छापा. ८०० स्टिकर त्यामानानं काहीच नाहीत.

पोलादपूरकर | मंगळवार, रात्री ८:१०

आमचा डोंगरभटक्यांचा गट आहे. एक गोष्ट राहिली कुणी सांगायची. आम्ही डॉट कॉम घेतलं युपीआयनं, सगळं व्यवस्थित, साइट पण चालू झाली, बरोबर पंधरा दिवसांनी साइट गायब. आम्हाला वाटलं पैसे परत गेले की काय. बँकेत फोन, रजिस्ट्रारकडे तक्रार, दोन दिवस डोकं फिरलं. कारण काय तर नोंदणी केल्यावर ईमेल खरा आहे का ते तपासायला एक लिंक येते, ती १५ दिवसांत दाबली नाही तर डोमेन थांबवतात. ती मेल आमच्या स्पॅममध्ये पडलेली. दाबल्यावर काही तासांत साइट परत आली. तर ताई, पैसे भरून झाल्यावर त्या संध्याकाळीच स्पॅम फोल्डर उघडून बघा.

दुसरं म्हणजे पहिल्या वर्षाचा भाव बघून भुलू नका. पहिलं वर्ष स्वस्त असतं, दुसऱ्या वर्षी दुप्पट तिप्पट. नूतनीकरणाचा दर बारीक अक्षरात असतो, तो आधी बघा. आणि शेवटच्या पानावर ईमेल, सुरक्षा, साइट बिल्डर असं काय काय आपणहून टोपलीत टाकलेलं असतं ते काढा, डोमेन सोडून काहीच लागत नाही सुरुवातीला.

र्‍हाइनकाठी | मंगळवार, रात्री ११:३०

जर्मनीतून लिहितेय, कोलोनला असते. इथे आल्यावर मला आश्चर्य वाटलं होतं की इथल्या कितीतरी लोकांकडे क्रेडिट कार्ड नसतंच आणि त्यावाचून कुणाचं अडत नाही. डोमेनचे पैसे 'लास्टश्रिफ्ट'नं जातात, म्हणजे तुम्ही कंपनीला एकदा परवानगी देता आणि ती दरवर्षी थेट तुमच्या बँक खात्यातून घेते. काही चुकीचं कापलं गेलं तर ८ आठवड्यांच्या आत कारण न देता परत मागता येतं. माझं डॉट डीई गेली सहा वर्षं असंच चाललंय.

हे लिहिण्याचं कारण म्हणजे कार्ड नसणं हा आपला कमीपणा आहे असं ताईंच्या लिहिण्यात मला जाणवलं. तसं बिलकुल नाहीये. माझी शेजारीण डॉक्टर आहे, तिच्याकडेही नाही.

वाचनालयासाठी मी इथून भरू शकते, मनापासून सांगते, पण वरचं सगळं वाचल्यावर वाटतं की तुम्हीच भरावं.

मधुमालती | बुधवार, सकाळी १०:००

एक शंका. वाचनालय मराठी आहे तर पत्ता पण देवनागरीत का घेऊ नये? डॉट भारत असतं ना?

सर्व्हरवाला | बुधवार, सकाळी ११:२५

असतं, आणि मला ते फार जवळचं आहे. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं, डॉट इन चालवणारी निक्सी हीच संस्था ते चालवते. मराठी आणि कोकणी धरून देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या भाषांसाठी. पैसे भरायची पद्धत तीच, रुपयात, युपीआयनं, मात्र सगळे रजिस्ट्रार ते विकत नाहीत, शोधावं लागतं.

अडचण अशी की आतून संगणक ते रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात साठवतो आणि काही जुन्या ॲपमध्ये, फॉर्ममध्ये तो पत्ता चालत नाही किंवा तसाच विचित्र दिसतो. त्या पत्त्यावरचा ईमेल तर अजून बऱ्याच ठिकाणी नाकारतात. म्हणून मुख्य पत्ता डॉट इन घ्या, आणि पुढच्या वर्षी जमलं तर देवनागरी नाव घेऊन ते त्याच साइटकडे वळवा. फलकावर देवनागरी पत्ता किती छान दिसेल!

आणि ताई, डॉट इन घेताना एक लक्षात असू द्या, त्यात मालकाची माहिती लपवायची वेगळी सेवा घेता येत नाही. म्हणून पत्ता वाचनालयाचा द्या, घरचा नको, फोनही वाचनालयाचा. नोंदणीनंतर काही दिवस तुम्हाला 'लोगो करून देतो, साइट करून देतो' असे फोन येतील. आणि 'तुमचं डोमेन आज संपतंय, या लिंकवर भरा' अशी मेल आली तर लिंक दाबायची नाही, स्वतः रजिस्ट्रारची साइट उघडून लॉगिन करून तारीख बघायची.

लोकरीचा_गुंडा | बुधवार, दुपारी ३:१०

हो हो, मला आठवड्यात वीस-पंचवीस फोन आले असतील. आणि दादा, दरवर्षीची कटकट कशी टाळायची? मी कॅलेंडरवर लिहून ठेवलंय पण भीती वाटते विसरायची.

सर्व्हरवाला | बुधवार, दुपारी ४:००

तीन पर्याय आहेत. युपीआय ऑटोपे काही ठिकाणी मिळतं, १५००० पर्यंत पिन न मागता कापलं जातं, पण ज्या फोनवर ते ॲप आहे तो फोन, तो नंबर, ते खातं बदललं की संपलं. दुसरा, काही रजिस्ट्रार खात्यात आगाऊ पैसे ठेवू देतात, वॉलेटसारखं, युपीआयनं भरून ठेवायचे आणि नूतनीकरण त्यातून होतं. तिसरा मला सगळ्यात आवडतो, एकदम जास्त वर्षांचे भरून टाकायचे. डोमेन जास्तीत जास्त १० वर्षांसाठी घेता येतं. संस्थेला तर हेच बरं, ठराव एकदाच, व्हाउचर एकच.

जुना_कॅशियर | बुधवार, दुपारी ४:४०

सहमत, फक्त १० वर्षं नको, ५ करा. १० वर्षांत लोक विसरतात की असं काही भरायचं असतं. आणि संपायची तारीख इतिवृत्तात आणि डेडस्टॉक रजिस्टरला, दोन्हीकडे लिहा. कपाटाची नोंद असते तशीच डोमेनची नोंद. नवीन मंडळ चार्ज घेताना ते रजिस्टर वाचतंच.

गप्प_वाचक | बुधवार, रात्री ९:०५

वाचनखूण साठवली. आमच्या देवस्थानच्या साइटचं डोमेन कुणाच्या नावावर आहे ते आजच विचारलं, कुणालाच सांगता येईना. उद्या शोधून काढतो.

माणगंगा | पुढचा सोमवार, रात्री ८:५०

मंडळी, झालं! सविस्तर लिहिते कारण पुढे कुणाच्या उपयोगी पडेल.

शनिवारी बैठक झाली. ठरावात लिहून घेतलं की कार्यवाहांनी स्वतःच्या युपीआयवरून कमाल ५००० रुपयांपर्यंत भरावेत आणि मूळ बिल सादर केल्यावर चेकनं परत द्यावेत. खजिनदार आधी म्हणत होते एकच वर्ष घ्या, मी काकांचं म्हणणं वाचून दाखवलं, डेडस्टॉक रजिस्टरचा मुद्दा निघाल्यावर ते लगेच तयार झाले.

रविवारी सकाळी वाचनालयातच बसलो, अध्यक्ष, खजिनदार, मी आणि अकरावीतली आमची एक वाचक मुलगी. साइट उघडली तर डॉलर! मग दादांनी सांगितल्याप्रमाणे तळाशी जाऊन भारत आणि रुपया केलं आणि लगेच युपीआय दिसलं. ऑर्गनायझेशनच्या रकान्यात नोंदणीपत्र समोर ठेवून नाव अक्षर न् अक्षर टाकलं. टोपलीत तीन जादा गोष्टी होत्या, काढल्या. फोन हातातच धरून बसले होते, क्यूआर आला, स्कॅन केला, पिन टाकला. ५ वर्षांचे जीएसटीसकट साडेचार हजारांच्या आत. बिल वाचनालयाच्या नावानं, मेलवर दोन मिनिटांत. मुलीनं लगेच स्पॅम उघडून बघितलं, पडताळणीची मेल तिथेच होती, पोलादपूरकर तुमचे किती आभार मानू.

लॉगिन आणि पासवर्ड एका कागदावर लिहून पाकिटात घातले, पाकिटावर तिघांच्या सह्या, आणि ते लाकडी कपाटात रोख पेटीशेजारी ठेवलंय. ईमेलला अध्यक्षांचा आणि माझा असे दोन नंबर जोडले. ८०० स्टिकरची ऑर्डर दहिवडीला दिली, गुरुवारी मिळतील, आठवी-नववीची मुलं घरोघरी जाऊन स्मरणिकेवर चिकटवणार आहेत.

साइट म्हणजे अजून एकच पान आहे. वाचनालयाची वेळ, वर्गणी, आणि आमच्याकडच्या १९८० पूर्वीच्या दिवाळी अंकांची यादी, २१४ अंक आहेत. काही वर्षांचे मधले अंक नाहीत, त्यांच्यापुढे 'हवा आहे' असं लिहिलंय.

जुना_कॅशियर | पुढचा सोमवार, रात्री ९:२०

यादी बघितली ताई. १९६३ चे दोन, जे तुमच्याकडे नाहीत, ते माझ्या वडिलांच्या ट्रंकेत आहेत. वाचनालयाचा पोस्टाचा पत्ता साइटवर दिसला नाही, तो टाका, म्हणजे उद्याच पार्सलनं पाठवतो.